चूल, बंब आणि शेगडी: खान्देशातल्या घरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर चोपडा तालुक्यातलं, तापीपासून फार लांब नाही. ओट्यावर गॅस आहे, मागच्या पडवीत चूल आहे आणि न्हाणीशेजारी तांब्याचा बंब. चहा, कुकर, घाईची भाजी गॅसवर होते. कळण्याची भाकरी, आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) मांडे, बिबड्यांचा घाटा (ज्वारीच्या पापडांसाठी शिजवलेलं पीठ) आणि थंडीतलं आंघोळीचं पाणी मात्र अजून लाकडावरच. नव्याने चूल घालणारे शेजारी, सुट्टीला आलेल्या भाच्या, शहरातून लग्न होऊन आलेल्या सुना जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. एक गोष्ट आधीच सांगते. पेटलेल्या चुलीकडे घरातल्या सगळ्यांचं लक्ष असतं. घोटाळे होतात ते बहुतेक विझल्यासारख्या दिसणाऱ्या चुलीत.

आमची चूल फार धुरकटते. काय चुकतंय?

माझी मोठी माय म्हणायची, "धूर उना म्हंजे लाकूड वाया गयं." तिने शाळा पाहिली नव्हती, पण बोलली ते बरोबर होतं. धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. ज्या वायूंची ज्योत व्हायला हवी होती, ते तसेच तुमच्या डोळ्यांत गेले.

कारणं दोनच, ओलं जळतण किंवा कोंडलेली हवा. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. एक किलो पाण्याची नुसती वाफ करायला साधारण ५४० किलोकॅलरी लागतात. ती उष्णता भाकरीच्या तव्याला न मिळता आधी लाकडातलं पाणी उडवण्यात जाते, चुलीचं पोट थंड राहतं आणि धूर निघतो. लाकडाच्या टोकाला फेस येऊन सूं सूं आवाज येत असेल तर ते लाकूड बाहेर काढा आणि उन्हात टाका, फुंकणीने गाल दुखवू नका. वाळलेलं ओळखायचं तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टण् वाजलं तर वाळलं, थप् वाजलं तर ओलं. कापलेल्या टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल नखाने सुटते.

हवेचं म्हणाल तर चुलीचं तोंड लाकडांनी गच्च भरू नका. वरचा निम्मा भाग मोकळा दिसला पाहिजे. राख साचून लाकडं जमिनीला टेकली की खालून हवा मिळत नाही, म्हणून रोज सकाळी राख काढा. गजांची छोटी लोखंडी जाळी करून चुलीत दोन बोटं उंच ठेवली तर फरक त्याच दिवशी दिसतो. गावातला लोहार अर्ध्या तासात करून देतो. घरात चुलीसाठी केलेल्या सगळ्या खर्चांत मला हा सगळ्यात वसूल वाटतो.

आणि तव्याखाली पाहा. भांडं आणि चुलीचा काठ यांत बोटभर फट हवी. काठाचे तीन उंचवटे झिजले की भांडं थेट काठावर बसतं, ज्योत कोंडते आणि धूर तोंडातून माघारी येतो. पोतेरं (पातळ मातीचा हात) देताना हे उंचवटे पुन्हा वर उचलून घ्या.

कोणतं जळतण चांगलं?

बाभूळ. जड, सावकाश जळणारी, निखारा टिकवणारी. चिंचही चांगली. पळस हलका, धुराचा, नाइलाजाचा. तुराट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काड्या, भडकन पेटतात आणि भडकन संपतात. भाकरी शेकायला त्या छान, पण घाटा शिजवायला बसलात तर एक माणूस नुसता चुलीत काड्या सरकवायला लागतो. म्हणून पेटवायला पऱ्हाटी, तापवायला बाभूळ असं मिश्रण बहुतेक घरांत असतं. गोवरी संथ जळते, दुधाला आणि बट्टीला उत्तम, पण धूर जास्त. ती बंद स्वयंपाकघरात नकोच.

रावेर-यावलकडचे पाहुणे विचारतात, केळीचं काय? खांबात पाणीच पाणी, ते वाळता वाळता कुजतात. वाळलेली पानं कागदासारखी पेटतात आणि जळके तुकडे वाऱ्यावर उडवतात. त्यांचं खत करा.

काय अजिबात जाळू नये?

प्लास्टिक, रबर, चपला, टायरचे तुकडे, रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड. फवारणीच्या औषधाचे खोके आणि डबे तर चुलीजवळही नकोत. दुधाच्या पिशवीने चूल पेटवायची सवय घरोघर आहे. पिशवी एकच असते हे खरं, पण तोंड नेमकं तिच्याच धुरावर वाकलेलं असतं.

झाडांत कण्हेर आणि बिब्बा टाळा. कण्हेरीचं सगळं झाड विषारी, तिचा धूरही त्रासदायक. सातपुड्यातून मोळी आली तर त्यात बिब्ब्याची फांदी नाही ना ते पाहून घ्या. बिब्ब्याचा चीक लागला तर अंगावर फोड उठतात, आणि जळणाऱ्या बिब्ब्याच्या धुरानेही कातडी आणि डोळे सुजतात.

पऱ्हाट्यांचा ढीग घराच्या भिंतीला लावून ठेवला तर चालतो का?

सोयीचं असतं, म्हणून सगळेच ठेवतात. पण एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, वारा भणाणतो आणि पऱ्हाटी इतकी कोरडी होते की बिडीचं थोटूकही पुरतं. ढीग घरापासून आणि गोठ्यापासून पंधरा-वीस पावलं लांब, विजेच्या तारांखाली नाही, आणि कडब्याच्या गंजीला चिकटून तर मुळीच नाही. घराजवळ ठेवायचं ते दोन-तीन दिवसांचं.

दुसरं कारण शेतीचं. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत दडून बसते आणि पुढच्या हंगामात तिथूनच पतंग निघतात. म्हणून कृषी विभाग पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका असं सांगत असतो. जाळायला ठेवायच्याच असतील तर बोंडं झोडून वेगळी करा, नष्ट करा, आणि ढीग पहिल्या पावसाच्या आत संपवा.

तिसरं कारण तुम्हाला ठाऊकच आहे. सरपणाखाली विंचू असतो आणि कधी घोणस असते. ढीग दगडांवर किंवा फळ्यांवर हातभर उचललेला असू द्या, संध्याकाळी सरपण काढायला बॅटरी घेऊन जा, आधी काठीने हलवा आणि मग हात घाला.

रॉकेलचं बोळकं न वापरता चूल पटकन कशी पेटवायची?

तळाशी दोन जाडसर लाकडं थोडं अंतर सोडून आडवी. त्यांवर बोटाएवढ्या काटक्या उलट्यासुलट्या, मग मुठभर पऱ्हाटीची बारीक टोकं, आणि माथ्यावर नारळाची शेंडी किंवा गोवरीचा चुरा. काडी माथ्यावर लावा. आग वरून खाली उतरते, खालच्या लाकडातून निघणारा धूर वरच्या ज्योतीतून जाताना जळून जातो. पहिल्यांदा करताना विश्वास बसत नाही. दोन मिनिटं हात बांधून बसा, फुंकू नका.

रॉकेल, डिझेल, पेट्रोल यांतलं काहीही नको. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे चूल विझली असं वाटून निखाऱ्यावर रॉकेल ओतणं. गरम राखेवर त्याची लगेच वाफ होते, क्षणभर काहीच होत नाही, माणूस बघायला वाकतो आणि तेवढ्यात भडका उडतो. हात, चेहरा आणि केस एकदमच.

चुलीचं तोंड कोणत्या दिशेला ठेवावं?

जुन्या रीतीने स्वयंपाक करणारी पूर्वेकडे तोंड करून बसते. म्हणजे ती चुलीच्या पश्चिमेला, आणि चुलीचं तोंडही पश्चिमेलाच. घराच्या आत हे ठीक आहे. पण अंगणातल्या चुलीला ही रीत लावली तर उन्हाळ्यातला पश्चिमेचा वारा थेट चुलीच्या तोंडात शिरतो आणि ठिणग्या मागच्या बाजूला उडवतो. अंगणात वारा पाहून तोंड ठरवा. रीत मोडायची नसेल तर पश्चिमेला विटांचा कमरेएवढा आडोसा घाला. पत्र्याचा आडोसा वाऱ्याने पडतो, गोणपाटाचा पेटतो.

चुलीच्या वर आणि मागे काय आहे तेही पाहा. भानोशीवर मसाल्याचे डबे ठीक, पण तेलाची बरणी, काडेपेटी आणि वाळत घातलेला टॉवेल नको.

काळ्या मातीची चूल दर महिन्याला का भेगाळते?

कारण ती कपाशीची माती आहे. ओली झाली की फुगते, वाळली की फाटते, आणि वावरात करते तेच चुलीतही करते. गावठाणातली पांढरी माती घ्या, पडक्या जुन्या भिंतीची मिळाली तर सोनंच. तिच्यात गव्हाचा भुसा आणि शेण कालवून दोन-तीन दिवस मुरू द्या. चूल सावलीत आठवडाभर वाळवा. पहिले चार दिवस फक्त काटक्यांचा लहान जाळ. थेट बाभळीची ओंडकी घातली तर आतलं पाणी वाफ होऊन चूल फोडतं. नंतर बारीक भेगा दिसल्या की पोतेऱ्याने बुजवून टाका. मोठी भेग तोंडाच्या बाजूला असेल तर जड भांडं ठेवण्याआधी दुरुस्त करा, कारण घाट्याचं तपेलं कलंडतं ते तिथूनच.

धुराडं किती उंच असावं आणि कधी साफ करावं?

छपराच्या वर निदान दोन फूट, आणि जवळपास त्याहून उंच भिंत असेल तर आणखी वर. नाहीतर भिंतीवरून उतरणारा वारा धूर परत घरात ढकलतो. वर पावसाची टोपी हवी. पाइप शक्यतो सरळ, प्रत्येक वळणावर काजळी बसते.

धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात पाइप जिथून वर जातो तिथे लक्ष द्या. धाब्याच्या पोटात लाकडी कड्या, काड्या, पाला असं सगळं कोरडं सामान असतं. पाइप आणि लाकूड यांच्यात हातभर अंतर ठेवा आणि मधल्या जागेत पत्र्याची बाही घालून ती माती-विटांनी भरा. सिमेंटचा जुना पाइप किंवा पत्रा ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. त्याला करवत लावू नका, त्याची धूळ फुप्फुसात राहते आणि कर्करोग होऊ शकतो.

साफ करायचं ते महिन्यातून एकदा, आणि ओलं जळतण वापरलं असेल तर पंधरा दिवसांनी. चूल पूर्ण थंड झाल्यावर, नाकाला फडकं बांधून, दोरीला गोणपाटाचा गच्च बोळा आणि त्याखाली दगड बांधून वरून सोडा आणि चार-पाच वेळा खालीवर करा. खाली पडलेलं भुरभुरीत काळं असेल तर ठीक. चकचकीत, डांबरासारखं चिकट असेल तर जळतण ओलं आहे किंवा चूल दाबून ठेवली जाते. हा चिकट थरच पुढे पेटतो.

धुराड्यातच आग लागली तर?

पाइपमधून ट्रॅक्टर चालू असल्यासारखी घरघर येते, वरून ठिणग्या उडतात. चुलीतल्या जाळावर माती किंवा राख लोटा, चुलीचं तोंड पाट्याने किंवा पत्र्याने बंद करा म्हणजे हवा तुटेल. तापलेल्या पाइपवर पाणी मारू नका, तो तडकतो. माणसं बाहेर, गुरं सोडा, १०१ किंवा ११२ लावा. आग विझल्यावरही त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आधी पाइपच्या सांध्यांना भेगा पडल्या का ते पाहायचं.

गॅसचं सिलिंडर आणि चूल एकाच खोलीत चालेल?

नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर न जाता जमिनीवर पसरतो, आणि आपली चूल जमिनीवरच असते. ओट्यावरची गॅसची शेगडी एक वेळ वाचेल, चूल नाही. दुसरी खोली नसेल तर निदान दोन्ही एका वेळी चालू ठेवू नका, चूल पेटवण्याआधी रेग्युलेटर बंद करा आणि आधी खाली वाकून वास घ्या. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, दारं उघडा, बाहेर जा आणि बाहेरून १९०६ वर फोन करा. गॅसगळतीसाठी तोच क्रमांक आहे.

रात्री विस्तव राखेत झाकून ठेवला तर चालतो का? राख कुठे टाकायची?

पूर्वी काडेपेटी जपून वापरायची तेव्हा प्रत्येक घर हे करायचं. सकाळी विझला असेल तर शेजारणीकडे इस्तो (विस्तव) मागायला जायचं. राखेखालचा निखारा रात्रभर, कधी दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो. हे आपल्याला माहीत असतं आणि तरीही सकाळी आपण तीच राख घमेल्यात भरून उकिरड्यावर टाकतो.

आमच्याकडे तेच झालं. एप्रिलचा महिना होता. मीच सकाळी सातला राख टाकली, हात लावून पाहिली होती, कोमट लागली. अकराच्या सुमारास वारा सुटला. साडेअकराला शेजारच्या पोराने ओरडून सांगितलं तेव्हा उकिरड्याजवळचा पऱ्हाट्यांचा ढीग पेटलेला होता आणि आग कडब्याकडे सरकत होती. फवारणीच्या पंपात पाणी भरभरून पाच-सहा जणांनी ती थोपवली. पऱ्हाट्या गेल्या, निम्मा कडबा गेला, बैल आधी सोडले म्हणून वाचले. मला अजून आठवतो तो वरच्या राखेचा कोमटपणा. वरची राख आतल्या निखाऱ्यावरची गोधडी असते, हात लावून काही कळत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे झाकणाचा पत्र्याचा डबा आहे. राख त्यात, डबा फरशीवर किंवा उघड्या जमिनीवर, आणि दोन दिवसांनी बाहेर. घाई असेल तर पाणी शिंपडा, काठीने ढवळा, पुन्हा शिंपडा. एकदम बादली ओतली तर वाफ आणि गरम राख तोंडावर उडते. प्लास्टिकच्या बादलीत राख भरलेली मी पाहिली आहे, नंतर त्या बादलीचा वितळलेला बूडही पाहिला आहे.

थंड झालेली राख भांड्यांना आणि वांग्यांवरच्या मावा किडीला चांगली. ओल्या हाताने फार वेळ हाताळू नका, राखेचं पाणी कातडी खातं.

थंडीत निखाऱ्यांची शेगडी झोपायच्या खोलीत ठेवतो. धूर तर येत नाही, मग धोका काय?

धूर येत नाही हाच धोका. लाल निखाऱ्याला ज्योत नसते, धूर नसतो, वास नसतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. हा वायू दिसत नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पाय लटपटतात आणि झोप येते. माणसाला वाटतं ऊब आली म्हणून डोळा लागला. झोपलेला माणूस उठत नाही.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली येतो. दारं लावतो, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबतो, आणि घमेलं आत आणतो. असं करू नका. शेकायचंच असेल तर घराबाहेरच्या ओट्यावर, अंगणात शेका आणि झोपताना घमेलं बाहेर ठेवा. गोधडी दोन घ्या. खोलीत दोघा-तिघांचं एकदमच डोकं दुखायला लागलं तर सर्दी समजू नका. दार उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या, १०८ लावा. शुद्ध नसलेल्या माणसाला बाहेर काढताना आपण आत जास्त वेळ थांबू नका.

बाळंतिणीला आणि बाळाला शेक-धुरी द्यावी की नाही?

या प्रश्नावर घरात भांडणं होतात. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला दवाखान्यातल्या ताई, आणि मधे ती पोर.

बाजेखाली निखाऱ्याचं घमेलं, दार बंद, वर बाळंतीण आणि कुशीत बाळ. म्हणजे वरच्या उत्तरात सांगितलेला सगळा धोका, आणि तोही सगळ्यात लहान फुप्फुसाला. शिवाय बाजेची सुंभ किंवा नवार खालून तापते, साडीचा सोगा लोंबतो, आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला भराभर उठता येत नाही. टाके असतील तर चटका लवकर कळतही नाही. ओवा-वावडिंगाची धुरी बाळाला बरी म्हणतात, पण धूर ओव्याचा असो की पऱ्हाटीचा, बाळाच्या नाकाला दोन्ही सारखेच.

शेकाची ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून आईच्या पाठीला, बाळाला नाही. बाळाला आईच्या अंगाशी, कातडीला कातडी लावून ठेवा, वर टोपरं आणि दुपटं. त्याहून चांगली शेगडी नाही. सासूबाईंना समजावायचं असेल तर "धूर नको" म्हणू नका, "शेक पिशवीने देऊ" म्हणा. आमच्याकडे तेच चाललं.

बंबाची काय काळजी घ्यायची?

आधी पाणी, मग जाळ. रिकामा किंवा अर्धा बंब पेटवला तर सांध्यांचा डाख (धातूचा जोड) वितळतो आणि बंब गळायला लागतो. एक बादली काढली की एक बादली वरून ओतायची, ही सवय घरातल्या प्रत्येकाला हवी. वरचं झाकण घट्ट दाबून बसवू नका किंवा त्यावर दगड ठेवू नका, वाफेला वाट पाहिजे.

बंब न्हाणीच्या आत नको. बंद न्हाणी, आत बंब आणि आंघोळ करणारा माणूस, म्हणजे पुन्हा तोच न दिसणारा वायू. पडवीत ठेवा. तोटी लहान मुलाच्या हाताच्या वर असावी. बादलीत नेहमी थंड पाणी आधी आणि गरम नंतर. बोअरचं पाणी जड असेल तर आतून पांढरा खार चढतो आणि पाणी तापायला वेळ लागतो. वर्षातून एकदा चिंचेचं पाणी रात्रभर भरून ठेवा आणि सकाळी खळबळून काढा. मधल्या नळीतली काजळी महिन्याला झाडा.

घरात रांगतं मूल आहे. काय करू?

चुलीभोवती हातभर नाही, दोन पावलांची जागा मोकळी. लांब दांड्याची भांडी, चिमटा, पेटतं लाकूड यांची टोकं बाहेर येऊ देऊ नका. मांडीवर मूल घेऊन भाकरी थापू नका. बाकी सगळं एका वाक्यात: स्वयंपाक उरकला की चुलीपुढे पत्रा आडवा लावा. मुलांचे हात भाजतात ते जेवणं झाल्यावर, मोठी माणसं पानसुपारी खात असताना.

भाजलं तर आधी काय?

थंड, वाहतं पाणी. वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद-तूप नाही, शाई नाही. बांगड्या आणि अंगठी सूज यायच्या आत काढा. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका, फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैल झाकून दवाखान्यात. तळहाताएवढं भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, सांधे, किंवा लहान मूल असेल तर वाट पाहू नका, १०८.

अंगावरच्या कपड्याने पेट घेतला तर पळू नका. जमिनीवर आडवं व्हा आणि लोळा, दुसऱ्याने सुती गोधडी किंवा घोंगडी टाकावी. नायलॉनची साडी वितळून कातडीला चिकटते, म्हणून चुलीपुढे सुती साडी आणि पदर कमरेला खोचलेला.

फोडणीच्या तेलाने पेट घेतला. पाणी टाकू?

कधीच नाही. पाणी खाली जाऊन उकळतं आणि जळतं तेल छपरापर्यंत उडवतं. ताट झाका, लाकडं बाहेर ओढा. आपल्या शेवभाजीला तेल सढळ लागतं, म्हणून चुलीवर फोडणी देताना ताट हाताशी असू द्या.

धुराने खरंच एवढं होतं का? आमच्या आजीने आयुष्यभर चूल फुंकली.

आजीचे डोळे आणि तिचा सकाळचा खोकला आठवून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० मध्ये घरातल्या चुलींच्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. दम्यासारखा कायमचा श्वासाचा आजार, लहान मुलांचा न्यूमोनिया, हृदयविकार, मोतीबिंदू, सगळ्यात धुराचा वाटा आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली तेव्हापासून गावात सिलिंडर पुष्कळ आले, पण भरून आणणं प्रत्येकाला दर महिन्याला जमत नाही, हेही खरं. माझं मत असं की रोजचा चहा-वरण-भात गॅसवर करा, चूल भाकरीला आणि मोठ्या कामाला ठेवा, आणि ती पडवीत किंवा अंगणात हलवा. चूल बदलता येत नसेल तर निदान जागा बदला.

वावरात भरीत पार्टी करतो. तिथे काय सांभाळायचं?

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वांगं भाजायची रीत तीच आहे, पऱ्हाट्या-तुराट्यांचा जाळ आणि वर वांगी. वांग्याला तेलाचा हात लावून काडीने दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर आतली वाफ त्याला फोडते आणि गरम गर अंगावर येतो. जागा निवडताना नांगरलेली मोकळी जमीन, गव्हाच्या उभ्या पिकापासून आणि कोरड्या बांधापासून लांब. निघताना जाळावर पाणी, मग माती, मग पुन्हा पाणी. गाणी चालू असतात आणि हे शेवटचं काम नेहमी "तू कर" वर जातं. पार्टी सुरू होण्याआधीच एकाला नेमून टाका.

आखाजीला नवं खापर चढवलं की तडकतं. का?

नवं खापर, म्हणजे मांडे भाजायचं मातीचं भांडं, रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. पहिल्या दिवशी मंद जाळावर, काटक्यांवर हळूहळू तापवा, मग तेलाचं फडकं फिरवा. तापलेल्या खापरावर ओला हात झटकू नका, थंड फरशीवर उतरवू नका, खाली वाळू किंवा गोणपाटाची चुंबळ ठेवा. मांडा दोन्ही हातांवर पसरत खापरापर्यंत नेताना बांगड्या मागे सारा आणि बाहीचं कापड कोपरावर चढवा. त्या क्षणी दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे जाळ पुढे आला तर लाकूड मागे ओढायला शेजारी दुसरं माणूस बसलेलं हवं. आमच्याकडे ते काम जावेचं, आणि शेवटचा मांडा उतरला की खापर चुलीवरच उपडं राहू देतो, सकाळपर्यंत.